१० किलो शिसं बांधूनही वर का आलात? डायव्हिंगचं वजन आणि सामानाची मांडणी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. कोर्स करून वर्ष झालं, बीसीडी (हवा भरून तरंगणं कमी-जास्त करायचं जाकीट) आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात आणून देणारं यंत्र) स्वतःचा घेतलात. कोल्हापुरात जलतरण तलावात ३ मिलिमीटरचा सूट घालून, अ‍ॅल्युमिनियमची टाकी लावून सराव केलात, तिथे ४ किलो शिसं बरोबर बसलं. मालवणला त्याच सामानावर ४ किलोत तुम्ही खालीच जाईनात, म्हणून बोटीवरच्या मुलांनी वाढवत वाढवत १० किलो केलं. डाइव्ह झाली, पण शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं होतं तिथे तुम्हाला थांबता आलं नाही. हवा सोडायचं बटण दाबून धरलं होतं, बुडबुडे निघत होते, तरी वर आलात. बडी, म्हणजे पाण्याखालची जोडीदार, म्हणून तुमची बहीण होती, ती खालीच राहिली. आता पुढच्या वेळी १२ किलो घ्यावं का, वजन नेमकं कुठे बांधावं आणि दर वेळी सगळं सारखंच राहावं म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

१२ किलो घेऊ नका. तुम्ही वर आलात ते वजन जास्त झाल्यामुळे. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून हिशेबच मांडतो.

बुडबुडे निघत होते हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे त्या क्षणी बीसीडीत हवा होती. का होती? कारण गरजेपेक्षा जास्त शिसं अंगावर होतं आणि ते तोलायला तुम्ही हवा भरली होती. एक किलो जादा शिसं तोलायला साधारण एक लीटर हवा लागते. तुम्हाला ६.५ किलो पुरलं असतं असं धरू (ते का, ते पुढे सांगतो). १० बांधलं, म्हणजे ३.५ लीटर हवा फुकटची अंगावर आली. ५ मीटरवर दाब १.५ बार असतो, ३ मीटरवर १.३. दोन मीटर वर सरकलात की तीच ३.५ लीटर हवा फुगून ४ लीटरच्या वर जाते, आणि अर्धा किलो जोर तुम्हाला आणखी वर ढकलतो. वर गेलात की ती अजून फुगते. पाण्याच्या शेवटच्या पाच मीटरमध्ये हा खेळ सगळ्यात जोरात चालतो, कारण ५ मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येताना हवा दीडपट होते. रॉबर्ट बॉईलने १६६२ साली मांडलेला, दहावीच्या आसपास आपण पाठ केलेला नियम तो हाच. बीसीडीत जितकी हवा कमी, तितका हा फुगवटा कमी आणि तितकं तुम्ही स्थिर. वजन कमी ठेवण्यामागे कसरत दाखवण्याचा काही हेतू नाही, बीसीडीतली हवा कमी राहावी एवढाच आहे.

अपवाद एकच. बीसीडी पूर्ण रिकामा असताना, शांत श्वास घेत असतानाही वर सरकत असाल, तर मात्र वजन खरोखर कमी आहे. म्हणून अशा वेळी सगळ्यात आधी शरीर जरा उभं करा, इन्फ्लेटरची, म्हणजे बीसीडीत हवा भरायची-सोडायची नळी डाव्या खांद्याच्या वर ताणून धरा आणि मग बटण दाबा. बरेच जण आडवे राहूनच बटण दाबतात. हवा पाठीत वर जाऊन बसते आणि नळीचं तोंड तिच्या खाली असतं, मग ती निघणार कुठून? डोकं खाली, पाय वर अशी अवस्था असेल तर मागे कमरेपाशी जी दोरी असते ती ओढा. ती दोरी कुठल्या बाजूला आहे हे घरी कोरड्यात हाताला पाठ करून ठेवा.

आता तलाव आणि समुद्र. आपल्याकडे पोहायला शिकलेली पिढी विहिरीत, कोटीतीर्थात, पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून शिकली. सगळं गोडं पाणी. समुद्रात पहिल्यांदा उतरल्यावर आपण जास्त तरंगतो हे सगळ्यांना जाणवतं, पण किती जास्त ते कोणी मोजत नाही. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. तुम्ही, सूट, टाकी, बीसीडी मिळून १०० किलोच्या घरात असाल, तर समुद्र तुम्हाला तलावापेक्षा सुमारे अडीच किलो जास्त उचलतो. तलावात ४ किलो बरोबर होतं, म्हणून समुद्रात ६.५. तुमचा ४ किलोचा अंदाज चुकीचा नव्हता, तो तलावाचा होता. बोटीवर त्यात अडीच मिळवायचे हे कोणी सांगितलं असतं तर १० पर्यंत मजल गेलीच नसती.

मग ६.५ वर थांबायचं सोडून १० का झालं? त्या मुलांची घाई मी समजू शकतो, त्यांना पुढची बोट लावायची असते. पण अजून एक कारण तुमच्या छातीत आहे. समुद्रात नवखा माणूस वर तरंगताना फुप्फुसं गच्च भरून ठेवतो. शांत श्वास आणि भीतीने भरलेला श्वास यात दीड-दोन लीटरचा फरक सहज पडतो, म्हणजे दीड-दोन किलोची उचल. वर पाय मारत राहायचीही सवय असते, आणि उभ्या शरीराने मारलेली प्रत्येक फिन (पायात घालायचं वल्हं) तुम्हाला वर ढकलते. यावर शिसं हे औषध नव्हे. बीसीडी रिकामा करा, पाय एकमेकांत अडकवून स्थिर ठेवा, आणि श्वास सावकाश, पूर्ण, अगदी तळापर्यंत सोडा. सोडून झाल्यावर लगेच आत ओढू नका, दोन सेकंद थांबा. डोकं पाण्याखाली गेलं की पुढचं काम सोपं होतं, कारण एक-दोन मीटर खाली गेल्यावर सूट दबायला लागतो.

वजन नक्की करायची पद्धत अशी. उभं राहता येणार नाही इतक्या खोल पाण्यात, पूर्ण सामान अंगावर, रेग्युलेटर तोंडात, बीसीडी रिकामा. नेहमीसारखा श्वास घेऊन धरा आणि हलू नका. पाण्याची रेषा डोळ्यांपाशी आली पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू बुडायला लागलं पाहिजे, दगडासारखं नव्हे. हे भरलेल्या टाकीने केलंत तर त्यात २ किलो मिळवा. कारण हवेलाही वजन असतं. आपल्याकडे सगळीकडे मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची टाकी ११.१ लीटरची. २०० बारवरून ५० बारवर येईपर्यंत त्यातली सुमारे १,६५० लीटर हवा जाते, आणि एक लीटर हवा १.२ ग्रॅम धरली तर झाले २ किलो. डाइव्हच्या सुरुवातीला खाली ओढणारी ती टाकी शेवटी तुम्हाला वर उचलायला लागते. शेवटचे ५ मीटर तिथेच अवघड होतात.

पण माझ्या मते खरी परीक्षा डाइव्हच्या शेवटीच घ्यावी. टाकीत ५० बार उरलेत, तुम्ही ५ मीटरवर आहात, शेजारी नांगराची दोरी आहे. दोरीला हात न लावता पण हाताच्या अंतरावर राहून बीसीडी पूर्ण रिकामा करा. नेहमीचा श्वास चालू ठेवा. श्वास घेताना किंचित वर, सोडताना किंचित खाली, आणि मध्ये तिथेच राहिलात तर ते तुमचं वजन. खाली जात असाल तर पुढच्या डाइव्हला १ किलो कमी. वर जात असाल तर बडीच्या खिशातला १ किलोचा तुकडा मागून घ्या. मी शिकवताना नेहमी दोन सुटे १ किलोचे तुकडे खिशात ठेवतो, ते याचसाठी. एका वेळी १ किलोच बदलायचा, आणि त्या दिवशी दुसरं काहीही बदलायचं नाही. नवा सूट, नव्या फिन्स आणि कमी वजन हे सगळं एकाच डाइव्हला केलंत तर कशामुळे काय झालं हे कधीच कळणार नाही.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. तुम्ही बांधलेले १० किलो खरोखर १० होते का? मी बरीच वर्षं बोटीवरच्या शिशावर विश्वास ठेवून डाइव्ह केल्या. मग एका पावसाळ्यात, हंगाम बंद असताना, माझ्याकडची सगळी वजनं पोत्यात घालून लक्ष्मीपुरीतल्या ओळखीच्या दुकानात नेली आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक ठेवली. २ किलो म्हणून मी वापरत होतो त्यातला एक तुकडा १ किलो ७०० ग्रॅम भरला आणि एक २ किलो १५० ग्रॅम. साच्यात ओतलेलं शिसं असंच असतं, काठ खाल्ले जातात, पट्टा जायची खाच कमी-जास्त होते. असे चार तुकडे अंगावर असतील तर अर्धा किलोचा घोळ कुठेही होऊ शकतो, आणि डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळे पडले तर शरीर एका अंगावर कलतं. त्यानंतर मी प्रत्येक तुकड्यावर खिळ्याने खरं वजन कोरून ठेवलं. तुम्ही स्वतःचं शिसं विकत घ्या असं मी म्हणत नाही. पण सामान ठेवायच्या पिशवीत बॅगा तोलायचा छोटा लटकता काटा ठेवा. बोटीवर दोन मिनिटांत काम होतं.

तोच काटा आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. तलावात बीसीडीची सगळी हवा काढून, तो पाण्यात दाबून, पिळून, भिजवून घ्या आणि काट्याला टांगून पाण्याखाली सोडा. बुडतो की तरंगतो ते बघा. नव्या, गादी भरलेल्या बीसीडीत सुरुवातीला बरीच हवा अडकलेली असते आणि तो स्वतःच तुम्हाला वर ओढतो. तुमचा नवा आहे, तर ही शंका मला आहेच.

आता वजन कुठे बांधायचं. तुम्ही सगळे १० किलो कमरेच्या बेल्टवर घातले होते असं लिहिलंय. त्यामुळे कंबर खाली, छाती वर, पाय लोंबते, असं तिरपं पोहणं होतं. प्रत्येक फिनबरोबर तुम्ही पुढे जाण्याऐवजी पुढे आणि वर जाता, मग ते वर जाणं दाबायला आणखी शिसं लागतं. मालवणच्या पाण्यात तर याचा त्रास दुप्पट, कारण लोंबते पाय तळाची माती उडवतात. तिथे आधीच चार-पाच मीटरच्या पलीकडे दिसायची मारामार असते.

विहिरीतला डबा आठवा. तो पाठीवर उंच बांधला की पोरगं पालथं, आडवं राहायचं. कमरेखाली सरकला की ढुंगण वर आणि तोंड पाण्यात. उचल कुठे आहे आणि ओझं कुठे आहे एवढ्यावरच शरीराची रेषा ठरते. बीसीडीतली हवा हा तुमचा डबा, तो हलवता येत नाही. शिसं मात्र हलवता येतं. म्हणून ६.५ मधले ४ ते ४.५ किलो कमरेला किंवा बीसीडीच्या बाजूच्या खिशात ठेवा आणि २ किलो टाकीच्या वरच्या पट्ट्यावर, दोन्ही बाजूंना एकेक. मग पाण्यात स्थिर व्हा, हात पुढे, पाय गुडघ्यात वाकवलेले, आणि पाच सेकंद काहीही करू नका. पाय खाली जायला लागले तर आणखी थोडं शिसं वर न्या, डोकं खाली गेलं तर खाली आणा. बहिणीला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. आपण आडवे आहोत असं सगळ्यांनाच वाटत असतं, व्हिडिओ बघितल्यावर पटतं.

पण सगळं वजन टाकीच्या पट्ट्यावर नेऊ नका, कारण ते संकटात टाकता येत नाही. पृष्ठभागावर बीसीडी फाटला, हवा संपली, लाटा आहेत, अशा वेळी एका झटक्यात टाकता येईल इतकं वजन कमरेला किंवा खिशात हवंच. किती, तर ते टाकल्यावर बीसीडीत हवा नसतानाही तुम्ही तरंगत राहाल इतकं. तलावात हे एकदा करून बघा, पण खाली फरशीवर जाड रबर टाकून, नाहीतर तलाववाले परत येऊ देणार नाहीत. टाकताना बेल्ट हाताने शरीरापासून लांब धरून मगच सोडायचा, नाहीतर तो पायात किंवा फिन्समध्ये अडकतो.

बेल्ट वापरत असाल तर तो सगळ्यात शेवटी, सगळ्या पट्ट्यांच्या वरून घाला. बकल उजव्या हाताने उघडेल असं ठेवा. आणि खाली गेल्यावर, १० मीटरच्या आसपास, एकदा आडवं होऊन तो आवळा. सुटातले हवेचे कण दाबले जातात, सूट पातळ होतो आणि वर घट्ट असलेला बेल्ट खाली ढिला पडतो. शिकत असताना माझा बेल्ट असाच फिरून बकल पाठीमागे, टाकीखाली गेलं होतं. मला ते वर आल्यावर कळलं. पूर्ण डाइव्हभर मला गरज पडली असती तरी तो टाकता आला नसता.

आता टाकी बांधणं. पट्टा आधी पाण्यात भिजवा, मग आवळा. नायलॉनचा पट्टा कोरडा असताना आवळला की भिजल्यावर ताणतो, आणि टाकी खाली घसरते. बांधून झाल्यावर बीसीडीच्या मुठीला धरून सगळं उचला आणि झटका द्या. टाकी तसूभरही हलता कामा नये. उंचीचं म्हणाल तर डोकं मागे टाकून वर बघितल्यावर रेग्युलेटरचा पितळी भाग डोक्याला लागू नये, आणि हात मागे नेल्यावर टाकीच्या नळाची मूठ बोटांना लागावी. या दोन्हीच्या मध्ये तुमची उंची आहे. ती सापडली की बीसीडीचा पट्टा टाकीच्या खांद्यापासून किती बोटं खाली येतो ते मोजून ठेवा. माझा चार बोटं येतो. टाक्या बदलतात, बोटी बदलतात, पण चार बोटं तीच राहतात. खांद्याचे पट्टे एकदा बरोबर बसले की तिथे पांढऱ्या रंगाने खूण करा.

टाकीच्या नळाबद्दल मात्र थांबून सांगायचंय. काही वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशी उतरत होतो. सामान मी स्वतः जोडलं, नळ पूर्ण उघडला, तपासला. कपडे सारखे करायला पाठ फिरवली तेवढ्यात मदतीला असलेल्या एकाने चांगल्या हेतूनेच मूठ फिरवली. उघडला नसेल या समजुतीने त्याने आधी तो बंद केला आणि मग थोडासा, पाव फेरा उघडला. मला ते दिसलं नाही. बोटीवर श्वास नीट येत होता, गेज (टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा) २०० दाखवत होता. १४ मीटरवर श्वास जड यायला लागला. मी गेज डोळ्यांसमोर धरला आणि श्वास ओढला. काटा २०० वरून सरकन खाली आला आणि श्वास सोडल्यावर सावकाश परत वर गेला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. खोलीवर हवा दाट असते, प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते, आणि पाव फेऱ्याच्या फटीतून तेवढी येत नाही. मी बडीला खूण केली, त्याने मागून नळ उघडला, दहा सेकंदात सगळं ठीक झालं. बडी हाताच्या अंतरावर होता म्हणून ठीक झालं.

तेव्हापासून पाण्यात उडी मारायच्या आधीचं माझं शेवटचं काम ठरलेलं आहे. गेजकडे बघत चार मोठे श्वास घ्यायचे. काटा जागचा हलता कामा नये. किंचित जरी थरथरला तरी नळ पूर्ण उघडा नाही. पूर्वी नळ पूर्ण उघडून अर्धा फेरा मागे आणायची पद्धत शिकवायचे. ती सोडा. पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधलं काही नको, म्हणजे गोंधळाला जागाच राहत नाही. आणि तुमच्या पाठीवरच्या नळाला तुम्ही किंवा तुमचा बडी सोडून कोणी हात लावणार नाही, हे बोटीवर चढल्या चढल्या सगळ्यांना मोकळेपणाने सांगा. कोणी रागावत नाही.

नळ्यांची मांडणी. तुमच्या रेग्युलेटरच्या मुख्य भागातून चार नळ्या निघतात: तोंडातल्याची, ऑक्टोपसची (हवा संपलेल्या बडीला द्यायचा जादा रेग्युलेटर), इन्फ्लेटरची आणि गेजची. एकही नळी शरीरापासून लांब लोंबकळू नये. मालवणच्या पाण्यात तुटलेली मासेमारीची जाळी असतात, आणि जाळ्याला अडकायला लोंबणारा गेज म्हणजे आयतं निमंत्रण. गेज डाव्या कमरेच्या कडीला अडकवा. अडकवायला ज्याचा खटका अंगठ्याने मागे ओढावा लागतो असा हूक घ्या. आत ढकलला की उघडणारा हूक नको, तो स्वतःहून दोरी आत घेतो आणि सोडत नाही. ऑक्टोपस हनुवटीपासून बरगड्यांच्या खालच्या टोकापर्यंतच्या त्रिकोणात, छातीवर दिसेल असा, ओढला की सुटेल अशा पकडीत. जाळं कापायला छोटा कटर असा ठेवा की दोन्हीपैकी कुठलाही हात तिथे पोचेल. पिंडरीला बांधलेला मोठा सुरा मला पटत नाही. हात तिथपर्यंत जात नाही आणि जाळं आधी त्यालाच अडकतं.

तुम्ही दोन मीटरच्या लांब नळीबद्दल विचारलंय, तोंडातला रेग्युलेटर बडीला द्यायचा आणि गळ्यातल्या रबरात अडकवलेला आपण घ्यायचा अशी जी पद्धत आहे. ती फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांमध्ये डाइव्ह करणाऱ्यांनी घडवली. त्यातल्या विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावावरून तिला हॉगार्थियन म्हणतात. अरुंद भुयारातून दोघांना एकामागे एक जाता यावं म्हणून नळी लांब. पद्धत उत्तम आहे, मी स्वतः तीच वापरतो. पण तुम्ही आत्ता लगेच घेऊ नका. हवा संपलेल्या माणसाचा हात कुठे जाईल हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असलं पाहिजे. बहीण छातीवरचा पिवळा ऑक्टोपस शोधणार आणि तुमच्याकडे तो गळ्यात, अशी वेळ यायला नको. दोघांनी मिळून बदलायचं ठरवलंत, तलावात पंधरा-वीस वेळा देवाण-घेवाण करून बघितलीत, तर खुशाल घ्या. तोवर दोघांचीही मांडणी एकसारखी ठेवा. तुमचा ऑक्टोपस कुठे आहे हे तिने न बघता सांगितलं पाहिजे, आणि तिचा तुम्ही.

सवय लावायला घरचा हॉल पुरेसा आहे. बीसीडी घाला, डोळ्यांवर टॉवेल बांधा आणि बहिणीला नावं घ्यायला सांगा: इन्फ्लेटर, मागची दोरी, ऑक्टोपस, गेज, बकल, कटर, शिट्टी. नाव ऐकलं की हात पहिल्याच फटक्यात तिथे गेला पाहिजे. इन्फ्लेटरची नळी एका हाताने काढायचाही सराव करा. मीठ साचून बटण अडकलं तर बीसीडी स्वतःहून फुगत जातो, आणि तेव्हा नळी काढणं हाच उपाय उरतो. म्हणूनच प्रत्येक दिवसाच्या शेवटी बीसीडीच्या आत गोडं पाणी भरून, हलवून, मागच्या व्हॉल्व्हमधून आणि इन्फ्लेटरमधून सोडून द्या. बाहेरून धुणं सगळेच करतात, आतलं मीठ तसंच राहतं. रेग्युलेटर धुताना टोपण आधी कोरडं करून घट्ट लावा.

हे धुणं मालवणातच, त्या रात्री करा. संध्याकाळी बोटीवरून उतरून ओल्या सामानासकट गाडी काढायची आणि गगनबावड्याच्या किंवा फोंड्याच्या घाटाने रात्री कोल्हापूर गाठायचं, हे आपल्याकडचे पुष्कळ जण करतात. मी करू देत नाही. समुद्रसपाटीवरून तुम्ही दोन-तीन तासांत पाचशे-सहाशे मीटर वर चढता. शरीरात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडत असतो आणि वर हवेचा दाब कमी असतो. विमानासाठी एका डाइव्हनंतर १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबा असं सांगतात. घाट म्हणजे विमान नव्हे, पण दोन-तीन डाइव्ह केल्यावर त्याच रात्री घाट चढायची काही गरज नसते. मुक्काम करा, जेवा, झोपा, सामान वाळू द्या.

दर वेळी सारखं राहावं याचं शेवटी एकच साधन आहे, वही. मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल, पण मला वही बरी वाटते. बोटीवर ओल्या हातांनी मी पेन्सिलीने लिहितो, पेन्सिल पुसत नाही. प्रत्येक डाइव्हला: पाणी गोडं की खारं, सूट कुठला आणि किती जाडीचा, टाकी अ‍ॅल्युमिनियमची की स्टीलची, शिसं किती आणि कुठे, शेवटी ५ मीटरवर ५० बारला बीसीडी रिकामा असताना काय झालं. टाकीचा रकाना विसरू नका. स्टीलची टाकी सहसा रिकामी झाली तरी वर उचलत नाही, त्यामुळे ती मिळाली तर तुमचं शिसं दोन-एक किलोने कमी होऊ शकतं. अंदमानला किंवा परदेशात जाल तेव्हा हा रकाना आधी विचारून घ्या. आठ-दहा नोंदी झाल्या की बोटीवर कोणी "किती देऊ?" असं विचारल्यावर तुम्ही आकडा सांगाल, आणि तो तुमचा असेल.

तर आत्ता एवढं करा. पुढच्या रविवारी तलावात जाऊन बीसीडी काट्याला टांगून बघा. त्याच टाकीने, त्याच सुटात डोळ्यांच्या रेषेची परीक्षा घ्या, टाकीत किती बार होते ते लिहा. मालवणला ६.५ किलोने सुरुवात करा, त्यातले २ टाकीच्या वरच्या पट्ट्यावर, आणि पहिली डाइव्ह ८-१० मीटरपेक्षा खोल नको. शेवटी दोरीपाशी बहिणीसमोर बीसीडी रिकामा करा. काय होतं ते मला कळवा. तिचे आकडे वेगळे लिहा, तुमच्या आकड्यांवरून तिचं वजन ठरवू नका.